कागद नसलेला खाऊ

४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल परवा मिळालं. टपालवाल्याने सही घेताना विचारलं, आजी, एवढं जड काय मागवता? मी म्हटलं, माझ्या बहिणीला वाटतं की मी अजून वाढत्या वयाची आहे. डबा उघडलेला नाही, कपाटावर ठेवलाय. रागावू नकोस, पण यापुढे खाऊ पाठवू नकोस. हौसेने खाणारा माणूस गेला. मला त्यातलं काही नको आहे.

पत्रं काय लिहितेस, फोन कर, असं तू म्हणतेस. तुझी सगळी नोकरी टेलिफोनच्या खोलीत गेली. रिसीव्हर कानाला लागला की तुझ्या तोंडाचा पट्टा सुटतो आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहतं. पत्रात तरी तुला माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

ह्यांना जाऊन आता चार महिने होतील. त्याच महिन्यात छापखान्यातून एक जण येऊन ह्यांचा निळा डगला, भिंग आणि पोलादी पट्टी देऊन गेला. घडीच्या मशीनवर नवा माणूस ठेवलाय म्हणाला, पण त्याच्या घड्या तिरक्या पडतात. ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. छत्तीस वर्षं औषधांच्या खोक्यात घालायचे कागद ह्यांनी घडी केले. बिघडलेले कागद घरी यायचे, फळ्यांवर अंथरायला. तू शाळेत गेलीस, मी घर सांभाळलं. मला वाचायला शिकवलं ते त्या कागदांनी. लोकांनी पहिल्यांदा काय वाचलं असेल ते असो, मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ त्यानंतर वाचनालयाची अर्धी कपाटं संपवली, पण ते वाक्य अजून पाठ आहे.

ह्यांची सात कप्प्यांची गोळ्यांची डबी खिडकीत आहे तशीच आहे. दर रविवारी ती मी भरायची. हे बुधवारी गेले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार भरलेले आहेत. धूळ पुसताना मी डबी उचलते आणि परत त्याच जागी ठेवते.

गल्लीत शिंप्याचं दुकान बंद झालं आणि तिथे औषधांचं तिसरं दुकान निघालं. तिन्हींपुढे रांग असते. खालची शेजारीण मुलाला बुद्धीसाठी रंगीत वड्या चघळायला देते. वरचा कारकून झोपायला एक गोळी घेतो आणि सकाळी जागं व्हायला दुसरी. जिन्यात कोणी भेटलं की पूर्वी विचारायचे, जेवण झालं का. आता विचारतात, गोळी झाली का.

तू सध्या काय काय घेतेस ते मला लिही. डब्यांवरची नावं बघून लिही, अंदाजाने नको. त्या हिरव्या कॅप्सूल अजून घेतेस का तेही लिही.

जपून राहा. आशीर्वाद आहेतच, तुझा लोभ तेवढा असू दे.

तुझी,
ताई

११ जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या मायेने पाठवलेला डबा तू कपाटावर टाकलास! मग वाटलं, जाऊ दे, तिचं मन थाऱ्यावर नाही. पण ताई, तू नीट खात नाहीस हे मला इथे बसून दिसतं. निदान हाडांची तरी घे. या वयात पाय घसरून पडलीस तर उचलायला कोण आहे?

मी काय घेते म्हणतेस, तर सकाळी हाडांची, सांध्यांची, केसांची आणि माशाच्या तेलाची. दुपारी पोटाची पूड आणि डोळ्यांची. संध्याकाळी हिरवी, स्मरणाची. ती कशी चुकेल? डब्यावर ‘झाडाच्या पानांचा शुद्ध अर्क’ असं लिहिलंय, म्हणजे पालाच की तो. बाकीची यादी लिहायची तर दुसरा कागद घ्यावा लागेल. बागेत आम्हा सात-आठ जणींचा कट्टा जमतो. पूर्वी सुनांवर बोलायचो, आता डब्यांवर बोलतो. एकीने नवीन काही आणलं की सगळ्या वास घेऊन बघतात. लेक म्हणते, आई, तू चाललीस की खुळखुळा वाजतो. चष्म्याच्या दुकानात काम करते ना, सगळ्या जगाला कमी दिसतं असं तिला वाटतं.

भाऊजींना मात्र माझ्या खाऊची कदर होती. जानेवारीत फोनवर म्हणाले होते, तुझ्या हिरव्या खाऊने मला सव्वीस वर्षांपूर्वीच्या फोरमनचं नाव आठवलं, आता त्याच्या शिव्याही आठवायला लागल्यात. किती हसलो होतो आम्ही.

आता एक बातमी, पण लगेच हातपाय गाळून बसू नकोस. मध्ये माझी छाती धडधडायला लागली. डॉक्टर म्हणाले ठोके चुकतात. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केलीय, भाऊजींना होती तीच, गुलाबी. आणखी काय घेता म्हणून विचारलं, तेव्हा मी रक्तदाबाची आणि पित्ताची दोन्ही नावं धडाधड सांगितली. खूश झाले. म्हणाले, एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही.

तुझी तब्येत कळव. मोठेपणाचा आव थोडा कमी कर आणि आमच्यावरची माया मात्र कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि आत्ताच लिहायला बसले आहे. हिरव्या कॅप्सूल आजपासून बंद कर. माशाचं तेलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. गुलाबी गोळी मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही, ती डॉक्टरांनी दिलेली आहे. घरातले सगळे डबे एका पिशवीत भर आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ओत. लाजू नकोस.

कारण विचारू नकोस. मोठी बहीण सांगते म्हणून एवढं एकदा ऐक.

जीव टांगणीला लागलाय. उलट टपाली दोन ओळी लिही. माया आहे म्हणूनच हुकूम सोडते आहे.

तुझी,
ताई

२२ जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

कारण विचारू नकोस म्हणे! ताई, मी साठीला आले. लहानपणापासून तुझी ही खोड आहे. आईचं दुखणं तू माझ्यापासून लपवलंस, माझी परीक्षा होती म्हणून. ती गेल्याचंही दोन दिवसांनी कळवलंस. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता कोणती परीक्षा आहे माझी?

भाऊजी गेल्यापासून तुझा सगळ्या औषधांवर राग आहे, हे मला समजतं. पण माझी हिरवी म्हणजे काही औषध नव्हे. तिला चिठ्ठी लागत नाही, कोणी नाही म्हणत नाही, माझी मी मागवते. खाऊची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे गेले तर ते हसतील मला. आणि खरं सांगू? ती घ्यायला लागल्यापासून चाव्या जागच्या जागी सापडतात. एकटीने राहायचं म्हणजे डोकं शाबूत हवं. लेक लग्न करून गेली की मला कोण आठवण करून देणार आहे? एवढ्या एका गोष्टीचा आधार वाटतो, तोही तू काढून घ्यायला निघालीस.

बाकी ठीक. हातांवर निळे डाग पडतात, कुठे आपटले ते आठवतही नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. कट्ट्यावरच्या एकीने त्यावर आंबट गोळ्या सांगितल्यात, त्या सुरू केल्या. म्हणजे यादीत अजून एकीची भर. हस बघू.

कारण सांगितलंस तर त्याच दिवशी बंद करीन. तोवर माझं खाणं मला खाऊ दे. राग धरू नकोस, माझी आठवण मात्र धरून ठेव.

तुझी,
भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल तुला फोन केला. तू तीन मिनिटं कट्ट्याबद्दल बोललीस आणि दार वाजलं म्हणून ठेवलास. मग तुझ्या लेकीला दुकानात फोन लावला आणि सांगितलं की हिरवा डबा आजच्या आज घराबाहेर काढ आणि आईचे डाग डॉक्टरांना दाखव. हे पत्र हातोहात पोचवणाऱ्या माणसाकडे देते आहे. बसून वाच.

नोव्हेंबरात मी तुला लिहिलं होतं की हे नावं विसरायला लागलेत. तू डिसेंबरात हिरव्या पाठवल्यास. ह्यांनी खोकं उघडलं, उलटं केलं, आत बोट घालून बघितलं. कागद नव्हता. म्हणाले, बघ, ज्याला कागद लागत नाही त्यात भ्यायचं काय? मी छत्तीस वर्षं लोकांच्या भीतीच्या घड्या घालतोय, एक तरी वस्तू बिनघडीची मिळाली. मलाही ते पटलं. आपल्या घरात औषध म्हणजे कागद. तुझ्याकडून येतो तो खाऊ. रविवारी डबी भरताना गोळ्यांबरोबर एक हिरवी मीच ठेवायची, रोजच्या कप्प्यात, गोड काहीतरी ठेवावं तशी.

जानेवारीत दाढी करताना ह्यांना कापलं. साधी चीर, पण रक्त थांबेना. दोन टॉवेल भिजले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय काय घेता? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण हिशेब माझ्याकडे असतो. मी पाचही नावं सांगितली, प्रत्येकाच्या ताकदीसकट, एकही न चुकता. डॉक्टर ह्यांना म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. मला इतका अभिमान वाटला, भिंगरे. न शिकलेल्या बाईला. मग ते म्हणाले, आणखी काही? मला हिरवी आठवली. आठवली नाही असं नाही. पण डॉक्टरांपुढे बहिणीच्या खाऊचं नाव काय काढायचं, म्हणून मी हसले आणि नाही म्हटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, हे खिडकीतल्या खुर्चीत बसले. डोकं जड झालंय म्हणाले. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा मान कलली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात म्हणाले, या वयात, या गोळीवर, असं होऊ शकतं. मी ते मान्य केलं.

मार्चमध्ये फळ्यांवरचे कागद बदलायला काढले. चहा-साखरेच्या डब्यांखाली निघाला तो त्याच गुलाबी गोळीचा कागद, ह्यांच्याच मशीनचा, अकरा वर्षांपूर्वीचा. पाठीमागच्या बाजूला, ह्यांच्या भिंगाखाली, तुझ्या हिरव्या डब्यावर आहे तेच त्या झाडाचं नाव होतं. त्याचा अर्क सोबत घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो, डॉक्टरांना सांगावे. मी ते तीनदा वाचलं. वाचता येतं याचा मला पहिल्यांदा राग आला.

कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो उजेडाकडे धरून वाचला. म्हणाले, त्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, हातभार लागला असेल. तेव्हा कळलं असतं तर मी ती हिरवी थांबवली असती, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुला सांगायचं नाही असं ठरवलं. तू मायेने पाठवलंस. नाही म्हणाले ती मी. एकीने ओझं वाहिलं की पुरे, असं वाटलं. तू हिरव्या घेत होतीस हे माहीत होतं, पण तुला ती गुलाबी गोळी लागेल असं स्वप्नातही नव्हतं. ११ तारखेचं तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तरीही १५ला कारण लिहायला माझा धीर झाला नाही.

आता मागितलंस म्हणून कारण दिलं. मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी डॉक्टरांकडे जा. त्यांनी ‘आणखी काही?’ असं विचारलं की खाऊ धरून सांग.

लोभ राहील की नाही ते तुझ्या हाती आहे. तू मात्र राहा.

तुझी,
ताई

८ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धवटच सांगितलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. तुझा फोन आला त्याच संध्याकाळी मी हिरवा डबा काढून घेतला आणि आई माझ्याशी भांडली. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. तिने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. बसून वाच असं तू लिहिलंस, पण तुला माहीत आहे ती. नंतर पलंगावर जाऊन पडली. पहाटे तिला रक्ताची उलटी झाली.

नऊ दिवस दवाखान्यात होती. पोटात आतून रक्तस्राव झाला होता. रक्त चढवावं लागलं. दोन दिवस डॉक्टर आमच्याशी फार तुटक बोलत होते, त्यावरून मी काय ते समजले. आता धोका टळलाय म्हणतात. घरी आणलंय. जिना चढताना चार वेळा बसली.

मी घरातले डबे पिशवीत भरून नेले होते. टेबलावर ओतले तेव्हा एकोणीस निघाले. नर्सने एक-एक नाव लिहून घेतलं. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, रोज कोणीतरी अशी पिशवी आणतं, तीही असं काही झाल्यावर.

आईने तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. कट्ट्यावरच्या बायका भेटायला आल्या, त्यातल्या एकीने येताना अशक्तपणावरचं टॉनिक आणलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशी, तू सध्या येऊ नकोस. असं लिहिताना मला कसंतरी होतंय, पण तीच म्हणाली. माझ्यावरची माया पूर्वीसारखीच असू दे.

तुझी,
भाची

१७ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलंय, पडल्या पडल्या लिहितेय.

आधी भाऊजींबद्दल. मी पाठवलं ते त्यांनी खाल्लं. डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाहीत, मीही सांगू शकत नाही, पण दिवसभर छतावर तेच दिसतं. फोरमनचं नाव आठवलं म्हणून ते हसले होते, तेव्हा मी बागेत सगळ्यांना सांगत सुटले होते. मी तुझी क्षमा कोणत्या तोंडाने मागू? तूही माझी मागू नकोस. नाही म्हणालीस ती तू आणि खाऊ म्हटलं ते मी. यात कोणाचं जास्त ते मोजत बसलो तर आपण दोघी वेड्या होऊ.

पण दुसरी गोष्ट मी गिळू शकत नाही. १५ तारखेच्या पत्रात तू लिहिलंस, कारण विचारू नकोस. तिथे एकच ओळ लिहिली असतीस, की ह्यांचं असं झालं, तर मी त्याच क्षणी डबा फेकला असता. त्यानंतर मी रोज संध्याकाळी एक गिळली, पाण्याबरोबर, तुझ्यावर चिडून. शेवटचे दोन-तीन दिवस दोन-दोन. तुला दाखवून द्यायला. हे मी लेकीला सांगितलेलं नाही.

तू मला वाचवायला गप्प राहिलीस, आईच्या वेळी राहिलीस तशी. मला कळू न देण्यात तुला जी माया वाटते, ती मला नको आहे. लहान म्हणून मी फार सोसलंय, ताई, न कळण्याचं.

काही दिवस लिहू नकोस. मी लिहीन तेव्हा लिहीन.

डॉक्टरांनी आता चारच गोळ्या ठेवल्यात. पण मला सकाळची घेतली की नाही ते आठवत नाही, दोनदा घेतली जाईल अशी भीती वाटते. नवीन डब्या बाजारात खूप मिळतात. मला भाऊजींची हवी आहे. तेवढी पाठव.

लोभ आहेच, तो कुठे जाणार? पण तो वाढावा असं आज लिहवत नाही.

तुझी,
भिंगरी

२१ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून डबीबरोबर थोडंच लिहिते. तुझं म्हणणं खरं आहे.

डबी पाठवायची म्हणजे रिकामी करावी लागणार होती. दोन दिवस ती टेबलावर ठेवली. आज सकाळी गुरुवार उघडला. तीन पांढऱ्या, एक गुलाबी, एक पिवळी आणि हिरवी. माझ्या हाताने ठेवलेली, जशीच्या तशी. हिरवीला इतक्या महिन्यांत थोडा पाझर फुटला होता, तिने गुलाबी गोळीला रंग लावला होता. शुक्रवार आणि शनिवारही उघडले. सगळं एका कागदात बांधून औषधाच्या दुकानात दिलं. रांगेत उभं राहून माझा नंबर आल्यावर मी काही घेत नाही, देते आहे, असं सांगितलं तेव्हा तो माणूस गोंधळला.

डबी गरम पाण्याने धुतली. गुरुवारच्या कप्प्याचा हिरवा डाग निघाला नाही. मी खूप घासलं, मग थांबले. तो झाकूनही दिलेला नाही. तुला दिसायला हवा.

तळाशी फळीवरचा तो कागद ठेवलाय. घडी ह्यांचीच आहे, मी नुसती परत घातली, त्याच खुणांवर. तुझ्या डोळ्यांना झेपणार नाही, लेकीकडून वाचून घे, शेवटपर्यंत.

यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही, म्हणून हेही सांगते. रात्रीची झोप गेली आहे, आणि परवा डॉक्टरांनी मला त्यावर गोळी दिली. मी कागद वाचला. अजून घेतलेली नाही, पण घेईन असं वाटतं.

उत्तराची घाई नाही. लोभाचं तू लिहवत नाही म्हणालीस, ते मी दोघींच्या वतीने लिहिते. असावा.

तुझी,
ताई